यंत्रमानव, माझ्या देखरेखीखाली

२ फेब्रुवारी
तीन खोकी आली. यंत्रमानव आला. उंची चार फूट आठ इंच, दोन हात, दोन पाय, सॉफ्टवेअर ओपन सोर्स. म्हणजे कुणीही वाचावं, कुणीही बदलावं, कुणाची परवानगी नको. ऑफिसात साधा फॉर्म बदलायचा तर सात सह्या लागत. हे स्वातंत्र्य निवृत्तीनंतर का होईना, नशिबी आलं.

सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन पाच तारखेला. व्यायामबियाम धरून तीन आठवडे हॉस्पिटलात. घरी आल्यावर आणखी सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही. ती म्हणाली, तुमच्याच्याने होणार असेल तर घरी येते, नसेल तर आत्ताच सांगा, तिथूनच ताईकडे जाते. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, माझी परीक्षक. मी खोक्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, पंचवीस तारखेला तू येऊन नुसतं बसायचं, बाकी माझ्यावर सोड. ती खोक्यांकडे बघत राहिली. भारावली असावी.

संकल्प: तेवीस दिवसांत यंत्रमानव घरकामात तयार.

३ फेब्रुवारी
जोडणी. स्क्रू २१४. मॅन्युअल चाळलं, सगळं वाचायची गरज भासली नाही. शेवटी तीन स्क्रू उरले. जादा देत असावेत, शर्टाला जादा बटण देतात तसे.

मुलीचा फोन. नाव काय ठेवलंत? म्हटलं, चिरंजीव. ती म्हणाली, मग मी कोण? म्हटलं, तुला कुठे माझं ऐकायची सवय आहे?

४ फेब्रुवारी, सकाळी १०
शिकवायची पद्धत अगदी सोपी. प्रोग्रॅम लिहायला नको. ‘निरीक्षण’ नावाचं बटण चालू करायचं. घरातला माणूस जे करतो ते चिरंजीव बघतो, आणि जे बघतो ते शिकतो. म्हणजे इथे प्रश्न फक्त गुरूचा. तेहतीस वर्षं मी अठरा माणसांच्या सेक्शनकडून काम करून घेतलं. गुरू घरातच बसलेला आहे.

बटण दाबलं. मी खुर्चीत मॅन्युअल चाळत होतो. कामवाल्या मावशी फरशी पुसत आल्या, मी पाय वर घेतले. वाचनात खंड पडू दिला नाही.

मग मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. चिरंजीवाला एकच वळण लागायला हवं. मावशी म्हणाल्या, बाई घरी येईपर्यंत तरी राहू द्या, मी काम करते, तो बघेल आणि शिकेल. भाबड्या आहेत. आता त्यांना तंत्रज्ञान काय समजावणार! चौथ्या मजल्यावरचं काम धरते म्हणाल्या. शुभेच्छा दिल्या.

५ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम. ती गुंगीत होती. डोळे न उघडता विचारलं, गॅस बंद केलात का? घरी येऊन पाहिलं. बंदच होता. सकाळपासून लावलाच नव्हता.

चिरंजीवाला प्रत्यक्ष काम करून दाखवणं उद्यापासून.

६ फेब्रुवारी
आज मानसिक थकवा. ऑपरेशन तिचं झालं तरी काळजी मीच केली. प्रात्यक्षिक उद्यापासून.

८ फेब्रुवारी
कालचा दिवस टाइमटेबल आखण्यात गेला. चार रंगांचे पेन वापरले. भांडी हिरव्यात, कपडे निळ्यात. टाइमटेबल फ्रिजवर लावलं. चिरंजीव निरीक्षण करतोच आहे, त्यामुळे वेळ फुकट जात नाही.

संध्याकाळी सवयीने हाक मारली, अगं, चहा झाला का? मग आठवलं. चिरंजीवाने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. खालून चहा मागवला.

१० फेब्रुवारी
प्रात्यक्षिक पहिलं: पुस्तकांचं कपाट पुसणे. फडकं घेतलं. वरचा कप्पा निम्मा पुसला आणि जुना अल्बम हाती लागला. त्यात एका फोटोत ती स्टुलावर उभी राहून पडदे लावते आहे आणि मी खालून सूचना देतो आहे. फोटो कुणी काढला ते आठवेना. अल्बम संपेपर्यंत जेवायची वेळ झाली. खालून जेवण मागवलं.

चिरंजीवाने सगळं टिपलं. डोळ्यांत निळा दिवा लागला म्हणजे शिकला असं समजायचं.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४
ऐतिहासिक क्षण! चिरंजीव न सांगता चालू लागला. तुरुतुरु चालत खोली ओलांडली आणि माझ्या खुर्चीत बसला. माझे डोळे भरून आले. मी डायनिंग टेबलाची खुर्ची घेऊन शेजारी बसलो.

हॉस्पिटलात जाऊन तिला सांगितलं. तिने विचारलं, बसला, मग पुढे? म्हटलं, पुढे उद्या.

१३ फेब्रुवारी
अजून बसलेलाच.

१४ फेब्रुवारी
कारण सापडलं. गुडघा. ते तीन स्क्रू गुडघ्याचे निघाले. बसवले. चिरंजीव उठला, फ्रिजपाशी गेला, फ्रिज उघडून आत बघत उभा राहिला, फ्रिज लावला, परत येऊन बसला. फरक पडला म्हणायचा.

जगभरातले लोक या सॉफ्टवेअरबद्दल जिथे चर्चा करतात, त्या फोरमवर गुडघ्याबाबत अकरा प्रश्न टाकले. मुलगी म्हणाली, बाबा, आईच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांना किती प्रश्न विचारलेत? हा सूर मला आवडला नाही. तिच्या आईचा गुडघा तज्ज्ञांच्या हातात आहे. चिरंजीवाला माझ्याशिवाय कोण?

१५ फेब्रुवारी
ओपन सोर्सचा नियम असा की आपण घ्यावं तसं द्यावंही. म्हणून चिरंजीवाचं आजवरचं शिक्षण एका पॅकेजात बांधून फोरमवर मोफत ठेवलं. नाव दिलं ‘आदर्श गृहस्थ, आवृत्ती १’. संध्याकाळपर्यंत सतरा घरांनी उतरवून घेतलं. सतरा घरं! सेक्शनला तर अठराच माणसं होती, आणि त्यातली चार कायम रजेवर.

प्रात्यक्षिक आज जमलं नाही. डाउनलोड मोजत होतो.

१७ फेब्रुवारी
फोरमवर तक्रारी. एकाचा यंत्रमानव काल इस्त्री करायचा, आज इस्त्रीचे कपडे बाजूला सारून सोफ्यावर बसतो. एका आजीबाईंचा यंत्रमानव दर तासाला फ्रिज उघडून बघतो आणि काही न घेता परत येतो. एका घरात तो वर्तमानपत्र मागतो. त्यांच्याकडे वर्तमानपत्र येत नाही, म्हणून औषधाच्या गोळ्यांचा कागद दिला, तर तो दोन तास वाचत बसला.

१८ फेब्रुवारी
सर्वांना एकत्रित उत्तर लिहिलं. दोष तुमच्या घरांचा आहे, पॅकेजचा नाही. नाचता येईना अंगण वाकडं. भाषांतराच्या मशीनने या म्हणीचं त्यांच्या भाषेत काय केलं कोण जाणे, एकाने अंगणाची मापं विचारली आहेत.

२० फेब्रुवारी
घरात शेवटचा धुतलेला कप काल संपला. आज मोजपात्रात चहा प्यायलो. खालच्या चहावाल्याने कप परत मागितले. सापडतील तेव्हा देईन.

हाक आजही मारली. दोनदा. ही सवय तोडायला हवी.

२१ फेब्रुवारी
सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या बाईंचा निरोप आला. जगात कुठे असतात माहीत नाही, पण ऑफिसात अशी एक तरी व्यक्ती हवी होती. अत्यंत सभ्य भाषा. म्हणतात, तुमच्या यंत्रात काही बिघाड दिसत नाही, निरीक्षणाचा लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली नोंद, पाठवाल का? म्हटलं, तसं लेखी द्या. त्यांनी दिलं. बिघाड नाही, हे लेखी! लॉग पाठवला. मी स्वतः उघडला नाही, फार लांबलचक आहे. मुलीने मागितला म्हणून तिलाही पाठवून दिला. बघू दे तिलाही.

२२ फेब्रुवारी
सौ. वॉकर घेऊन कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालली. घामाघूम झाली होती. म्हणाली, ताई रोज विचारते, खोली तयार ठेवू का? मी नको म्हणते. तुम्ही सांगा, नको ना? मी म्हणालो, अजिबात नको. मग ती म्हणाली, मला माझ्या पलंगावर झोपायचंय हो, इथल्या गाद्या टोचतात. रिक्षात बसल्यावर मला जरा कसंतरी झालं. दुपारचं तेलकट खाणं बाधलं असावं.

२४ फेब्रुवारी
आज निकराचा प्रयत्न. दुपारी दोन ते सहा संपूर्ण प्रात्यक्षिक: भांडी घासली, चादर बदलली, फरशी पुसली. आयुष्यात प्रथमच एकाच दिवशी तिन्ही. कंबर धरली. बादली एकदा लवंडली, चादर उलटी घातली गेली, पण चिरंजीवाला तत्त्व कळणं महत्त्वाचं.

सहा वाजता निळा दिवा बघायला गेलो. चिरंजीव खुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता. चार तास. कॅमेरा तोंडावरच असतो.

असो. ऐन वेळी सगळे जागे होतात. परीक्षेत मीही असाच होतो.

२५ फेब्रुवारी
दुपारी साडेबाराला ती आली. वॉकर, मुलगी, ताई आणि दोन पिशव्या. मी दार उघडलं. चिरंजीव माझ्या खुर्चीत. मी म्हणालो, बघ.

ती सोफ्यावर टेकली. दमली होती. पाणी मागितलं. मी चिरंजीवाकडे पाहिलं. चिरंजीवाने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मोठ्यांदा हाक मारली, अगं, चहा झाला का? आणि हात पुढे करून बसून राहिला.

ती हसायला लागली. गुडघ्याला हात लावून हसत होती. म्हणाली, अगदी बापावर गेलाय हो! ताई म्हणाली, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ताईला म्हणींचा नाद आहे. मी सांगितलं की यंत्रात बिघाड नाही, तसं माझ्याकडे लेखी आहे.

मुलीने मोबाइल काढला आणि लॉगचा गोषवारा वाचला. कुणी विनंती केली नव्हती. निरीक्षणाचे एकूण तास ३१८. पैकी बसणे २४१. फ्रिज उघडून पाहणे १९४ वेळा. घरकाम अकरा मिनिटं, त्यातली नऊ चष्मा शोधण्यात. शेवटी एक ओळ होती, रिकाम्या स्वयंपाकघराला हाक, शेहेचाळीस वेळा.

या ओळीवर ती हसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. शेहेचाळीस? म्हणाली. मी म्हणालो, सवय असते. ती म्हणाली, हो, सवय.

मला वाटलं, राहते आता. पाणी मुलीने आणून दिलं, मोजपात्रात. ते पिऊन तिने घर पाहिलं, उलटी चादर पाहिली, ओल्या कोपऱ्यात बादली पाहिली. मग ताईला म्हणाली, उठव गं मला. चिडली नव्हती. चिडली असती तर समजूत घालता आली असती. जाताना म्हणाली, हाक मारून गुडघा बरा होत नाही. तुम्ही काम शिका. त्याला राहू द्या, तुम्ही शिका. लॉग रोज पाठवत जा, मी बघेन आणि मग ठरवेन.

लिफ्टचं दार बंद झाल्यावर घरातून चिरंजीवाने पुन्हा चहा विचारला.

२६ फेब्रुवारी
चौथ्या मजल्यावर जाऊन आलो. मावशींना वेळ नाही. तिथल्या बाई चांगल्या आहेत म्हणाल्या.

‘आदर्श गृहस्थ’ फोरमवरून काढून टाकलं. आजीबाईंनी आभार मानले.

२७ फेब्रुवारी
चिरंजीवाच्या हातातलं वर्तमानपत्र काम होईपर्यंत काढून घेतलं. लॉग: घरकाम २४ मिनिटं. ताईकडे पाठवला. उत्तर नाही.

२८ फेब्रुवारी
लॉग: घरकाम ४१ मिनिटं. चहा स्वतः केला. उत्तर आलं: गॅस बंद केलात का? उठून बंद केला आणि मग ‘हो’ लिहिलं.

१ मार्च, सकाळी ७.४०
झाडलं. भांडी घासली. चहावाल्याचे कप सापडले, सहा, सगळे परत केले. नवा संकल्प केलेला नाही.

मग फरशी पुसायला घेतली. दाराकडून सुरुवात केली आणि ढुंगणावर सरकत सरकत खुर्चीपाशी आलो. चिरंजीव बसला होता. वर्तमानपत्रातून डोकं न काढता त्याने दोन्ही पाय वर घेतले.

मी फडकं हातात धरून बसून राहिलो. चार फेब्रुवारीला मावशी पुसत होत्या, तेव्हाचं हे. त्याआधी तिचे गुडघे बरे होते तोवर ती स्वतः पुसायची. या जागी येऊन ती काय म्हणायची ते आठवायचा प्रयत्न केला. बराच वेळ आठवेना. मग आठवलं की ती काहीच म्हणायची नाही. मीही काही म्हणालो नाही. तेवढी जागा पुसली आणि बादली पुढे सरकवली.