बंदराकडे पळालेली धाव

पनवेल, माघ महिना, १९५८

चि. धर्मराज यास काशिरामकाकाचे भरघोस आशीर्वाद. तिकडे गिरणीत तुझी प्रकृती ठणठणीत असेल. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. (काकूचे गुडघे, दादूची कंबर आणि बळीरामचे कान सोडून.)

"काका, चाकांचा कारखाना बंद करून मुंबईला या" हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी काकूला वाचून दाखवलं नाही. बंद करायला आम्हाला काय धाड भरली आहे? लॉऱ्या आल्या म्हणून बैलगाड्या मेल्या नाहीत. सुकापूरच्या गणू पाटलाने परवाच चाकांची जोडी सांगितली. (वर्षातली पहिलीच, पण सांगितली.) रविवारी संध्याकाळी न्यायला येतो, तयार नसली तर रबरी चाकं घेईन, असंही म्हणाला. ते मी मनावर घेतलेलं नाही. फक्त तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही, भट्टीपासून दारापर्यंत उगाच येरझारा घालतो.

तर काल चाकाला धाव चढवायला घेतली. तुला आठवत असेलच, लोखंडी धाव लाल तापवायची, चौघांनी सांडशीत धरून एकदम उचलायची, लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. पूर्वी या कामाला आळीतली पोरं भांडायची. ती सगळी आता तुमच्या मुंबईत, म्हणून सांडशीला मी, दादू, बळीराम आणि शिवा. (चौघांचे मिळून दात एका माणसाला कसेबसे पुरतील.) मी ओरडलो, "उचला!" तिघांनी उचलली. बळीराम म्हणाला, "काय बोललास?" धाव कलली, दादूने सांडशी सोडून कंबर धरली, आणि धाव उभी राहून जी दारातून सुटली ती थेट उतारावरून बंदराकडे. इतक्या घाईने पनवेलातून तुम्ही पोरं सोडून कोणी गेलेलं नाही.

आम्ही मागोमाग धावलो. (दादू वाटेत चहाला बसला.) रस्त्यात सुदैवाने कुणी नव्हतं. हल्ली कुणी नसतंच. याच रस्त्यावर बंदरापर्यंत आपल्या चाकांच्या गाड्यांची रांग लागायची. खाडी गाळाने भरलेली, त्यामुळे धाव चिखलात रुतून वाफ सोडत उभी राहिली. शिवाने तिच्यावर विडी पेटवून घेतली. मैना कोळीण टोपली ठेवून हसत सुटली, "या वयान चाक फिरवाचा खेल सुचला काय तुमाला?" आणि धाव निवल्यावर तिनेच ती ओढून काढली.

एकंदरीत काळजीचं कारण नाही. तू येण्याची तसदी घेऊ नकोस.

तुझा,
काशिरामकाका

ता. क. तुमच्या गिरणीत रखवालदाराची जागा असल्यास कळव. मी उभा चांगला राहतो. इथे कुणालाही कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी बळीराम येऊन वरचं वाचून गेला. (कान गेले, डोळे शाबूत आहेत.) मला वाटलं शिव्या देईल. थोड्या वेळाने परत आला, त्याची सांडशी माझ्या सांडशीशेजारी ठेवली आणि म्हणाला, "आता 'उचला' बोलू नको, नुसती मान हालव. मना दिसतंय." तेव्हा रखवालदाराचं राहू दे. दादूची कंबर काही उठत नाही, आणि तिघांना धाव उचलत नाही. रविवारी पहिल्या एसटीने ये. तू दारात दिसल्याशिवाय मी मान हलवणार नाही.