आपल्या बंधूंची आठ हजार पावलं

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे पत्रातच वाकते आहे, गोड मानून घ्यावा.) गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डावा दुखत होता, त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. आता कोणता चालू आहे ते कळवावं, म्हणजे देवापुढे नेमकं सांगता येईल. आई बऱ्या आहेत. अंथरुणातून उठवत नाही, पण आवाज ठणठणीत आहे. इकडे सगळं क्षेम आहे असं एकदा लिहून टाकलं की पुढे काहीही लिहायला मोकळीक मिळते, म्हणून तेही लिहिते.

तुमचे बंधू वजनमापे कार्यालयात आहेत हे तुम्हाला मी काय सांगावं. दुकानदाराच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा हे नुसत्या बोटाने शोधून काढतात आणि घरी येऊन जेवताना त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांच्या नियतीवर बोलतात. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

झालं असं, की यांच्या कार्यालयात वर्षभरात तिघांना हृदयविकाराचा झटका आला. तिघेही खुर्चीत बसल्या बसल्या. (एकाच्या हातात तर रजेचा अर्ज होता.) वरचे साहेब घाबरले आणि त्यांनी परिपत्रक काढलं. उपाहारगृहात तळलेलं बंद, उकडलेलं सुरू. तेव्हापासून फाटकाबाहेरच्या भजीवाल्याने दुसरी कढई घेतली. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट थांबणार नाही, सगळ्यांनी जिना चढावा. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरची मंडळी लिफ्टने चौथ्यावर जातात आणि एक मजला उतरतात. आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला मनगटावर बांधायचं एक घड्याळ दिलं. ते पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोप मोजतं आणि संध्याकाळी फोनला जोडलं की सगळं कार्यालयाला कळवून टाकतं. दिवसाला आठ हजार पावलं झालीच पाहिजेत. कोणाची किती झाली ते दर सोमवारी दारातल्या फळ्यावर लागणार.

पहिल्या सोमवारी आपले बंधू शेवटून पहिले आले. अकराशे पावलं, त्यातली बरीचशी भजीवाल्यापर्यंतची. कनिष्ठ लिपिक हसला म्हणे. त्या हसण्याने यांना जितका ताण आला तितका त्या तिन्ही झटक्यांनीही आला नव्हता. मी म्हटलं, अहो, जेवण झाल्यावर घराभोवती चार फेऱ्या मारा. तर म्हणाले, दिवसभर उन्हातान्हात तराजू तपासून आलेल्या माणसाला तू आणखी चालायला लावतेस? (जीपमधून जातात.)

मग यांनी घड्याळ पंख्याच्या पात्याला बांधलं. पावलं झाली असतीलही, पण नाडी कुठून यायची? संध्याकाळी फोनला जोडल्याबरोबर घड्याळाने नाडी सापडत नसल्याचं परस्पर कळवलं आणि दहा मिनिटांत कार्यालयातून फोन आला, साहेब कसे आहेत? फोन यांनीच उचलला. मी जिवंत आहे हे आपल्याच तोंडाने तीन वेळा सांगावं लागलं, आणि पलीकडच्या माणसाला ते खरं वाटेना.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या हातावर आलं. तुझं तरी चालूच असतं, म्हणाले, त्यात आणखी काय करायचंय तुला? मी देवाधर्माची बाई, मला हे पटलं नाही. पण हे आठवडाभर तोंड पाडून बसले होते आणि त्या तोंडापेक्षा घड्याळ हलकं होतं. हे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जायचे आणि मी पहाटे साडेचारपासून पावलं टाकायची. पाणी भरणं, आईंचं अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी धुऊन गच्चीवर नेणं (आमची लिफ्ट कोणत्याही परिपत्रकाशिवायच बंद आहे), आणि आईंनी हाक मारली की हातातलं टाकून धावणं. आई दिवसाला चाळीस हाका मारतात. मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मोजल्या आहेत. जप करताना मणी ओढले तरी मेलं ते पावलंच मोजायचं. देवाचं नाव मी घ्यायचं आणि वजनमाप्यांच्या खाती जमा व्हायचं! देवाला सगळं सांगून ठेवलं आहे, पुढचं तो पाहील.

पावलं निघाली रोजची एकोणीस हजार. बंधुराज सलग नऊ सोमवार पहिले. त्यांना आदर्श हृदय असं लिहिलेलं प्रशस्तिपत्रक मिळालं आणि भाषण करायला लावलं. पहाटे उठण्याचे फायदे या विषयावर हे अर्धा तास बोलले. आठ वाजता दुसऱ्या चहाच्या वासाने उठणारा माणूस!

आणि वन्सं, मग कार्यालयाच्या डॉक्टरांनी ते ठोक्यांचे कागद पाहिले. यांना बोलावून म्हणाले, तुमचे ठोके अडखळतात, मध्येच पळतात, झोप दीड तासाच्या वर सलग नाही. तुमच्या हृदयाला दिवसभरात कोणी दहा मिनिटं टेकू देत नाही. घरी कोणी त्रास देतं का? हे म्हणाले, छे, बायको फार समजूतदार आहे.

यांच्या हृदयाचा आलेख काढला तर अगदी नियमित. पोट आहे, रक्तदाब थोडा आहे, ठोके मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी एकदा तो आलेख पाहिला, एकदा घड्याळाचे कागद पाहिले आणि विचारलं, मग हे हृदय कोणाचं आहे?

यांनी सांगितलं. (हे मात्र मी मानते. नाही सांगितलं असतं तरी कोणाला कळलं नसतं.) प्रशस्तिपत्रक परत गेलं आणि फळ्यावर नाव तळाला गेलं, लाल खडूने. घरी आले ते बूट न काढता ओट्यापाशी उभे राहिले. विचारलं, तुला दम लागतो का ग? अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, बाजूला व्हा, दूध उतू जातंय.

मला डॉक्टरांकडे नेऊन दाखवलं. तिथे आणखी गंमत. योजनेत कर्मचाऱ्याचं हृदय बसतं, त्याच्या बायकोचं बसत नाही. योजनेच्या अर्जावर तसा रकानाच नाही. डॉक्टर मात्र भले. सरकारी इस्पितळाला चिठ्ठी दिली आणि मलाच रागावले, आजवर आला का नाहीत म्हणून. मी म्हटलं, कधी यायचं तेवढं सांगा, आईंच्या हाका तुम्ही घेता का?

तर असं आहे. मला काही होत नाही. थोडी धडधड होते, ती जिन्याने होते. तुम्ही मुळीच काळजी करू नये. पत्र मुद्दाम लिहिलं ते बंधूंचे प्रताप तुमच्या कानावर असावेत म्हणून. दुसरं काही कारण नाही.

तुमची,
भावजय

ता. क. डॉक्टरांनी तीन दिवस इस्पितळात राहायला सांगितलं आहे. टाळू नका म्हणाले, आणि म्हणताना हसले नाहीत. येत्या गुरुवारी सकाळी नऊला, उपाशीपोटी.

आणखी एक. ताईला बोलावतो, असं तुमचे बंधू अकरा दिवस म्हणताहेत. फोन हातात घेतात आणि ठेवतात. तुमचा धाक त्यांना साहेबांपेक्षा जास्त आहे. म्हणून मीच विचारते. तीन दिवस आईंजवळ याल का? आईंना उठवताना आधी डावीकडे वळवायचं, उजवा खांदा दुखतो. गोळ्या सकाळच्या पांढऱ्या, रात्रीची पिवळी. अंगाला पाणी कोमटच लागतं. हाका मारल्या तरी प्रत्येक वेळी काम असतंच असं नाही. निम्म्या वेळा माणूस आहे ना, एवढंच पाहायचं असतं.

शेवटचं. येणार असाल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत पोहोचा. जमणार नसेल तर कळवू नका. गुडघ्यांचं मला ठाऊक आहे, राग नाही. बुधवारी रात्रीपर्यंत दार वाजलं नाही की मी समजेन, आणि गुरुवारी नेहमीसारखी साडेचारला उठून चहा घेईन.