माडीवरची पागोटी

म्हैसूर, ३ फेब्रुवारी १९१२
पोचलो एकदाचा! मंडी मोहल्ल्यात निवृत्त रिसालदार मानाजीरावांच्या घरी माडीवर खोली, आणि खाली त्यांच्या स्वयंपाकीणबाई अंबूताईंच्या हातचं गरम सारू-भात. आणखी काय पाहिजे? मानाजीरावांना जुन्या शिपायांच्या डोक्यावरचं जमवायचा भारी नाद. पितळी शिरस्त्राणं, जरीचे मंदील, घोडेस्वारांची पागोटी, माडी भरून गेली आहे. कसर काढायची, उसवलेलं शिवायचं, आकार सांभाळायचा, हे माझं काम. बेंगळुरात माझ्यासारखा पागोटं बांधणारा दुसरा दाखवा म्हणावं! जम बसला की वनजाला बोलावणार. लग्न झालं तशी बिचारी माहेरीच आहे.

५ फेब्रुवारी
लाकडी ठोकळ्यावर घड्या बसत नाहीत, त्यांना जिवंत डोकंच लागतं. म्हणून प्रत्येक पागोटं आधी स्वतः घालतो, मग ठोकळ्यावर चढवतो. अंबूताईंनी पाहिलं आणि अय्यो, बेडा बेडा, नको म्हणत माझा हातच धरला. मी हसण्यावारी नेलं. बायकांचं आपलं काहीतरीच.

८ फेब्रुवारी
उन्हात वाळवलेली पागोटी सकाळी आतून ओली. ताजा घाम! माझा म्हणावा तर त्याला तंबाखूचा वास, आणि मी तंबाखूला शिवत नाही.

९ फेब्रुवारी
अंबूताईंना खोदून विचारलं. रडत रडत सांगितलं त्यांनी. शिपाई पडला आणि देह हाती लागला नाही, तर घरचे त्याचं पागोटं चितेवर ठेवतात, तेव्हा कुठे तो सुटतो. मानाजीरावांनी ही पागोटी चितेवर जाण्याआधीच गोड बोलून मागून आणली. एकही जळलेलं नाही. आणि मी ती सगळी डोक्यावर घातली! देवा रे. मानाजीरावांना म्हटलं, जाळून टाकू या. ते नुसते माझ्या कपाळाकडे बघत राहिले. मला भीती वाटते आहे.

१२ फेब्रुवारी
आरशात कपाळावर तलवारीचा वण. माझा नाही हा. वनजाला पत्र टाकलं, येऊ नकोस, मीच येतो. ट्रंक उचलली, पण दाराशी गेलो की पाय कवायतीसारखे मागे वळतात —

१४ फेब्रुवारी
जेवायला खाली गेलो. अंबूताईंनी विचारलं, कोण हवंय आपल्याला? नाव सांगितलं. आवाज — तोही माझा नव्हता.

१५ फेब्रुवारी
वनजा आली! पत्र पोचलंच नाही. धावत खाली गेलो. तिने पदर पुढे ओढला, परक्यासमोर ओढतात तसा. विचारलं, आमचे हे कुठे आहेत? मी तोंड उघडलं, आणि माझ्याच तोंडाने तिला सांगितलं, कावेरीत वाहून गेले, देह सापडला नाही. मानाजीरावांनी माझं रोजचं पागोटं तिच्या ओंजळीत ठेवलं.

अगं, मी इथे आहे —

खिडकीतून दिसतंय. परसात लाकडं रचली. वनजाने कुंकू पुसलं. पागोटं वर ठेवलं — हाक मारतो, आवाज फुटत नाही — पेटवू नकोस — वनजा, डोकं तापलं — केस — व