एकाच खोलीतली घड्याळं

दिल्ली, सप्टेंबर १९७८

तीर्थरूप आक्का, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. खोकला गेला, औषधानं की डॉक्टरच्या भीतीनं, ते माहीत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

नामांतराच्या दंगलीत आपल्या गावच्या बौद्धवाड्यातल्या भिवाजीचं घर जळालं, बायको आतच मेली. आपले थोरले दादा लिहितात, 'चुलीची ठिणगी उडाली, वारा लय होता.' परवा आपल्या गावचे व्यंकटराव इथं एका कामासाठी येऊन गेले. तेही चहा फुंकत म्हणाले, "चुलीची ठिणगी हो! वारा लय व्हता."

आमच्या प्रयोगशाळेत दोन अचूक घड्याळं शेजारी ठेवून, ठोके ताडून, कोणतं किती डळमळतं ते बघतात. मागं दोन्ही इतकी जुळली की साहेबांनी पेढे वाटले. मग एक दुसऱ्या खोलीत हलवलं, तेव्हा कळलं, खोली तापली की दोन्ही सारखीच बहकायची. पेढे तोवर खाऊन झाले होते.

दादा आणि व्यंकटराव रोज एकाच बैठकीत बसतात. तू त्या दिवशी ओढ्यापलीकडं शेतातल्या आखाड्यावर होतीस. तिथून भिवाजीचं घर सरळ दिसतं. तू काय पाहिलंस? उत्तर दादांकडून लिहून घेऊ नकोस. तुझं वाकडं अक्षर मला वाचता येतं.

माणसं दिसली नसतील तर तसं लिही, मी गप्प बसेन. दिसली असतील तर चौकशीच्या साहेबापुढं बोलावं लागेल, आणि मग दादा तुला परत घराचा उंबरा ओलांडू देणार नाहीत. माझी खोली लहान आहे, पण दोघांना पुरेल.

म्हणून उत्तर टपालपेटीत टाकण्याआधी तुझी ट्रंक भरून ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
बन्सीधर