शावकशांची कस्ती

श्रूजबरी, इंग्लंड,
१२ नोव्हेंबर

चि. मालू,
तुला अनेक आशीर्वाद. गुडघे काय म्हणतात तुझे? भावोजींचा खोकला थांबला का? अबोलीचं बाळ दूध नीट पितं ना? मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस.

शेजारचे शावकशा, आपल्या डहाणूचेच पारशी, रोज सकाळी कमरेचा पवित्र दोरा, म्हणजे कस्ती, सोडून प्रार्थना म्हणत पुन्हा बांधायचे. ते शब्द विसरायला लागले, तेव्हा मीच ऐकून ऐकून वहीत उतरवले आणि अडले की सांगायचो. काल मात्र कस्ती हातात धरून म्हणाले, "अरे त्र्यंबक, ही दोरी कसली?"

त्यांचा मुलगा म्हणतो, "काका, लेट इट गो. मलापण ती प्रार्थना येत नाही."

मी वाचलंय, त्यांच्या प्रेषिताचे, जरथुष्ट्राचे, शब्द इराणात कित्येक शतकं नुसते तोंडपाठ चालले, मग गलबतांतून गुजरातेत संजाणला आले. त्यांच्या घरात आता ते फक्त माझ्या वहीत उरलेत गं.

आज मीच त्यांना कस्ती बांधली, वाचून प्रार्थना म्हटली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. परक्याने म्हटलेली प्रार्थना पोचते का? तिकडे त्यांच्या बहिणीला, शिरीनबाईंना, विचारून लवकर लिही.

तुझा
दादा