गोलूचा आवाज किती पळवला होता

नागपूर,
१६ नोव्हेंबर २०२५

हर्षितदादा,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे सोडले तर तक्रार नाही. कुहीला धानाची कापणी सुरू आहे. तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून लकडगंजला जाऊन तुझ्या आईकडून हा पत्ता घेतला. गोपिकाकाकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "त्याले रागावू नको वं." मी रागवायला लिहीत नाही. काम आहे.

जरीपटक्यातलं गेमचं दुकान तू आणि गोलूने बंद केलं, तेव्हा एक कन्सोल आमच्या घरी आला. त्यात क्रिकेटची ती डिस्क राहून गेली होती. तुम्ही दोघांनी बदललेली, इंग्रज कॉमेंटेटर काढून त्याच्या जागी आमच्या गोलूला बसवलेली. डिस्कचा थर आता सुटायला लागला आहे. पुन्हा पुन्हा वाचून मी तिची पूर्ण इमेज, जशीच्या तशी प्रत, काढली आणि ती लॅपटॉपवर चालते. जुने गेम जपणाऱ्यांच्या एका ग्रुपवर ती दाखवली. उत्तर आलं, ही प्रत मूळ डिस्कशी जुळत नाही, टाकून द्या, आमच्याकडे शुद्ध प्रत आहे. मी ग्रुप सोडला.

अडचण वेगळीच आहे. गेममध्ये प्रत्येक वाक्याला ठरलेली जागा असते, हे तुला माहीतच आहे. इंग्रज माणूस जेवढ्या जागेत "आउट" म्हणायचा, तेवढ्यात तुम्ही "निघ बे आता, घरी माय वाट पाहून राहिली" बसवलं. ते मावावं म्हणून तू वेग वाढवून गोलूचा आवाज पळवलास. दुकानात पोरं त्यालाच हसायची. तो अजून तसाच आहे, पिपाणीसारखा. आईला ऐकवला तर म्हणाली, "कोणाचं पोरगं आहे वं हे? काहून एवढं चिल्लावते?"

आवाज पुन्हा संथ करणं सोपं आहे. किती संथ करायचा, हे डिस्कमध्ये कुठेच नाही. मी तीन प्रती केल्या. एकीत तो बाबांसारखा वाटतो. एकीत सर्दी झाल्यासारखा. तिसरीबद्दल मला काही म्हणता येत नाही. आई तिन्हींना "हो, हाच" म्हणाली. तिसरीला रडली, पण तोवर ती थकली होती. तो पुरावा धरता येत नाही.

ताडून पाहायला दुसरं काही नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गोलू दवाखान्यात गेला. तो परत आला नाही आणि त्याचा फोनही आला नाही. मला तो एरवीही मेसेज टाइप करूनच पाठवायचा, बोलून नाही. घरातलाच माणूस, त्याला रेकॉर्ड कोण करतं?

तेव्हा तू येऊ शकला नाहीस. कोणीच येऊ शकलं नाही. नंतर का आला नाहीस, ते मी विचारत नाही.

या तीन प्रती मी इतक्या वेळा ऐकल्या की खरा आवाज कसा होता, ते आता मला आठवत नाही. हे आईला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही.

तो बोलायचा तेव्हा तू शेजारी बसून माइक धरायचास. त्याचा आवाज किती पळवला होता, तेवढं कळव. अंदाजे सांगू नकोस. आठवत नसेल तर तसं लिही, किंवा ये आणि ऐक.

आईला मी तिसरी प्रत मोबाइलमध्ये घालून दिली आहे. देवाला दिवा लावून झाला की ती रोज ऐकते. हल्ली मधूनमधून त्याला उत्तरंही देते. तुझा आकडा वेगळा आला, तर तो माझ्यापाशीच राहील.

तरी कळव.

गोलूची बहीण,
वैभवी