करीमभाई वाजवत न्हाई म्हणतो

३ एप्रिल, रविवार
जळकोट. नळ अकरा दिवस कोरडा. मेळाव्याचं काम बघणारे वाघमारे सर घरी आले. २४ ला उदगीरला पाण्याचा मेळावा, एका कंपनीचा. आमची गायन पार्टी पाहिजे. सुपारी घेतली. मेळाव्यात गायलो की आपल्या वस्तीला टाकी, वर रोज टँकर. अजून काय पाहिजे.

५ एप्रिल
करीमभाईला सांगायला गेले. तीस वर्षं माझ्या गाण्याला त्याचीच ढोलकी. कागद वाचला, चष्मा काढला. "ताई, ही कंपनी इस्राइलची हाय."
मी म्हणलं, मग?
मोबाईल दाखवला. फिलिस्तीनची पाडलेली घरं. ढिगाऱ्यावर बसलेल्या बाया. विहिरीसुद्धा बुजवल्या म्हणला. "तिथले गाणारे-वाजवणारेच सांगून राहिले, ह्यांच्या मंचावर चढू नका. मी न्हाई चढणार."
मी म्हणलं, तू उदगीरात न्हाई वाजवलं तर तिकडं कुणाला ऐकू जाणार?
"न्हाई जाणार," म्हणला.
चहा बिनसाखरेचा. शुगर त्याच्या बायकोला हाय, बिनसाखरेचा पितो मात्र येणारा-जाणारा सगळा गाव.

९ एप्रिल
उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार. चौकात बोर्ड. जिल्हा नवा, घागर रिकामीच. लातूरला रेल्वेनं पाणी येणार म्हणत्यात. आमच्याकडं रूळच न्हाई.
सर म्हणले, अहमदपूरचा ढोलकीवाला घ्या. चांगला हाय तो. पण दुसऱ्या कडव्याला माझा दम सुटतो, तेवढी जागा करीमभाई भरून काढतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत न्हाई.

१५ एप्रिल
कालचा भीमजयंतीचा कार्यक्रम झाला. येताना जीपमध्ये करीमभाई शेजारी. मीच विषय काढला. माझे मालक वारले त्याच्या तिसऱ्या दिवशी औशाला गायले मी, सुपारी फिरवली न्हाई. तुझ्यापायी फिरवू?
तो म्हणला, "तुमच्या बानं हलगी खाली ठेवली, ती कुणाला विचारून?"
उतरले अन् सरळ घरी आले.

१६ एप्रिल
बाच्या हलगीची गोष्ट मीच सांगितलेली त्याला कधीतरी. आता माझ्याच अंगावर.
छप्पनला बौद्ध झाल्यावर बानं गावची हलगी बंद केली. पोळा न्हाई, जत्रा न्हाई, पाटलाचं लगीन न्हाई. मग गावानं आमचं दळण बंद केलं, दुकान बंद केलं, विहिरीवर काट्या टाकल्या. आई दीड कोस पाण्याला. जाताना बाला शिव्या देत जायची. येताना गप, दम उरायचा न्हाई.
बाला सही येत नव्हती. मोर्चा न्हाई, पत्रक न्हाई. नुसता वाजवत नव्हता.
पण चालली आई. ते कुणी सांगत न्हाई.

१९ एप्रिल
सरांना फोन. सुपारी परत. सर म्हणले, "बाई, टाकी गेली ते तुम्हीच सांगा बायांना."
सांगितलं, विहाराच्या ओट्यावर. माझी जाऊ शांता म्हणली, "तिकडच्या बायांसाठी आमच्या घागरी पालथ्या घालती का? तुला कोण ओळखतंय तिथं?"
करीमभाईसाठी करून राहिले का बासाठी, तेच धड...
शांता म्हणली, मी गाते मग. गा म्हणलं.

२५ एप्रिल
शांता गायली काल. माझीच गाणी, अहमदपूरची ढोलकी. सूर लागला म्हणे.
करीमभाई आला. "बरं केलं ताई." मी म्हणलं, बरं-बिरं काय न्हाई, बस गप. बसला. ढोलकी आणली नव्हती.

२ मे
टाकी येऊन चार दिवस झाले. काळी, वर कंपनीचं नाव. पाणी गोड हाय म्हणत्यात.
मी मात्र माळाच्या विहिरीवरून आणून राहिले. कुणी बोलत न्हाई माझ्याशी, वाट मात्र सोडत्यात.

६ मे
गुडघा सुजला. माळावर जाणं न्हाई आज.
टाकीपुढून गेले, तर लाईनीत करीमभाईची बायको. रजिया. त्यांच्या गल्लीला आठ दिवस थेंब न्हाई. मला पाहून पदर ओढला. "आपा, ह्यांना सांगू नका."
मी म्हणलं, घरात पाणी येतंय ते त्याला दिसत न्हाई का?
"दिसतंय. इचारत न्हाईत."
पुढं म्हणली, "घागर आणा, तुमचा नंबर धरते."
घरी आले. रांजणात तांब्याभर हाय. टाकी पाचला बंद करत्यात. साडेचार झाले. रजिया नंबर धरून उभी हाय.